दम, दमा आणि दम मारणे
धुराविषयीच्या एका जुन्या समजुतीचा शोध

मराठीत 'दम' हा शब्द फार कामाचा आहे. जिना चढताना दम लागतो, घाई करणाऱ्याला आपण दम धर म्हणतो, पोराला दम देतो, आणि चिलीम किंवा विडी ओढणारा दम मारतो. शब्द मूळचा फारसी. तिकडे दम म्हणजे श्वास. 'दमा' हे रोगाचे नावही त्याच मुळातून आले. श्वास, श्वासाचा रोग आणि धूर ओढणे, तिन्हींना भाषेने एकाच कुटुंबात बसवले आहे. ही मंडळी आमच्या घरातही एकत्रच नांदत होती.

आमचे घर सिन्नरचे. आई विड्या वळायची. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, पाने रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कापायची आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचे. तंबाखूचा बुकणा घरभर असे. शिंका आणि खोकला यांची आम्हाला सवयच झाली होती. वडिलांना, म्हणजे अण्णांना, दमा होता आणि ते विडी ओढत. लपूनछपून नव्हे, औषध म्हणून. पहाटे उठले की उकिडवे बसत, खोकत, छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. मग एक विडी पेटवत. चार-पाच झुरक्यांनंतर खोकल्याची मोठी उबळ येई, बेडका पडे आणि ते म्हणत, "सुटला बघ कफ. आता मोकळं वाटतं."

गावातल्या डॉक्टरांनी त्यांना पंप घ्यायला सांगितला होता. अण्णा म्हणाले, "नको, पंपाची सवय लागते." दिवसाला एक कट्टा विड्या ओढणारा माणूस औषधाच्या सवयीला घाबरत होता. त्या वाक्यातली विसंगती तेव्हा घरात कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही. १९८८ च्या कार्तिकात एका थंड रात्री त्यांना धाप लागली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले. वय ५५. आज मी त्याच वयाचा आहे आणि दमा माझ्याकडेही आला आहे.

मी डॉक्टर नाही. पोस्टात कारकुनी केली. पण "विडीने कफ सुटतो" हे वाक्य डोक्यातून गेले नाही, म्हणून गेली वीसएक वर्षे जमेल तसे वाचत आलो. तालुक्याच्या ग्रंथालयापासून सुरुवात केली, पुढे वैद्यकीय नियतकालिके शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, न समजलेले ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. सुरुवातीला मला वाटत होते की अण्णांचा समज हे निव्वळ अडाणीपण होते. वाचत गेल्यावर कळले की या समजुतीमागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात जगातले नामांकित डॉक्टरही सामील आहेत.

धूर औषध होता तेव्हा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमपानाचा विचार आहे. औषधी द्रव्ये वाटून त्यांची वर्ती करायची, ती वाळवायची, तुपाचा हात लावून नळीतून तिचा धूर घ्यायचा असा तो विधी. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात उचकी आणि श्वास या विकारांची चिकित्सा आहे. तिथे श्वासाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे पाच प्रकार केले आहेत. आजच्या दम्याशी त्यातला तमकश्वास सर्वांत जुळतो. त्याच्या उपचारांतही धूम आहे.

"आपल्या शास्त्रातच धूमपान सांगितले आहे" असे म्हणणारे दोन गोष्टी विसरतात. पहिली ही की त्या वर्तीत तंबाखू नव्हता, असणे शक्यच नव्हते. तंबाखू हे अमेरिका खंडातले झाड. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्याकडे आले. दुसरी ही की चरकाने धूमपानाच्या वेळा, मात्रा आणि ते कोणी करू नये याची यादी दिली आहे. अवेळी किंवा अती धूर घेतला तर बहिरेपणा, आंधळेपणा, रक्तपित्त, भ्रम असे विकार होतात, असा इशाराही दिला आहे. दिवसाला एक कट्टा हा हिशेब त्यात कुठेच बसत नाही.

तंबाखूचा उत्तरेतला प्रवास आपल्या दख्खनशी जोडलेला आहे. अकबराचा वकील असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरच्या दरबारातून परतला तेव्हा त्याने बरोबर तंबाखू आणि नक्षीदार चिलीम नेली. बादशहाने एक-दोन झुरके घेतले. दरबारातल्या हकिमाने आक्षेप घेतला. या पदार्थाविषयी आपल्या ग्रंथांत काहीच नाही, न तपासलेले औषध बादशहाने घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. युरोपातले शहाणे लोक हे वापरतात, असा असद बेगचा युक्तिवाद होता. पुढे जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण तोवर सवय रुजली होती. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या हकिमाचे बरोबर होते, हे सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

धोत्र्याची विडी

दम्यासाठी धूर या कल्पनेला खरे बळ दिले ते धोत्र्याने. धोत्र्याची वाळलेली पाने चिलमीत घालून ओढली की धाप कमी होते, हे आपल्याकडच्या वैदूंना ठाऊक होते. १८०२ च्या सुमारास मद्रासमधले इंग्रज वैद्यकीय अधिकारी डॉ. जेम्स अँडरसन यांनी हा उपाय जनरल जेंट या दमेकरी सेनाधिकाऱ्याला सुचवला. त्याला गुण आला. तो मायदेशी परतताना हे औषध बरोबर घेऊन गेला आणि एडिंबरोच्या डॉक्टरांपर्यंत ते पोहोचले. तिकडे उगवणारी धोत्र्याची जात वापरात आली आणि पाहता पाहता 'दम्याच्या सिगारेटी' औषधांच्या दुकानांत मिळू लागल्या. फ्रान्समध्ये एस्पिक या नावाच्या सिगारेटी प्रसिद्ध होत्या. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांना लहानपणापासून दमा होता. त्यांचे वडील नामवंत डॉक्टर. तरी प्रूस्त या सिगारेटी ओढत आणि औषधी पूड जाळून खोलीत धूर कोंडून बसत.

या धुराने गुण यायचा, ही खोटी गोष्ट नाही. धोत्र्यात अॅट्रोपिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये असतात. श्वासनलिकांभोवती स्नायूंचे वेढे असतात. त्यांना आवळण्याचा हुकूम एका चेतातंतूमार्फत येतो. अॅट्रोपिन तो हुकूम अडवते आणि नळी सैल पडते. आज डॉक्टर इप्राट्रोपियम किंवा टायोट्रोपियम ही औषधे श्वासावाटे देतात, ती याच तत्त्वावर चालतात. म्हणजे धोत्र्यातले औषध टिकले, धूर गेला. जायलाच हवा होता, कारण पानात द्रव्य किती हे मोजता येत नाही आणि थोडी मात्रा वाढली की तोंड सुकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, भ्रम होतो, जीवही जातो. वाचकांपैकी कोणी हा प्रयोग चुकूनही करू नये.

तंबाखूलाही याच गर्दीत जागा मिळाली. लंडनचे डॉ. हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी. १८६० मध्ये त्यांनी दम्यावर लिहिलेला ग्रंथ त्या काळात प्रमाण मानला जाई. त्यात कडक कॉफीबरोबर तंबाखूचाही उपाय आहे. मळमळ येऊन अंग गळेपर्यंत तंबाखू घेतला की श्वासाची आवळण सुटते, असा त्यांचा अनुभव होता. अंग गळण्याचा हा परिणाम सवय नसलेल्यावरच होतो. रोज ओढणाऱ्याला होत नाही. पण बारकावे मागे पडतात आणि सारांश गावोगाव जातो. "धूर घेतला की दमा बसतो" एवढेच उरले आणि बहुधा तेच फिरत फिरत आमच्या ओसरीवर आले.

मग कफ सुटायचा तो कसा?

अण्णांना मोकळे वाटत होते, हे खोटे नव्हते. फक्त कारण वेगळे होते.

आपल्या श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. वाऱ्यावर डोलणाऱ्या पिकासारखे ते एका लयीत हलतात आणि धूळ, जंतू, चिकट स्राव घशाकडे ढकलत राहतात. घर झाडणारी ही केरसुणी. तंबाखूच्या धुराने ती मंदावते, वर्षानुवर्षांच्या धुराने तिचे तंतू झडतात. त्याच वेळी धूर स्राव करणाऱ्या ग्रंथींना डिवचतो आणि त्या फुगतात. केर वाढला आणि केरसुणी मोडली. साठलेला कफ बाहेर काढायला शरीराकडे मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे जोराचा खोकला. सकाळची पहिली विडी घशाला आणि नळ्यांना चिथावते, खोकला उसळतो, बेडका पडतो. विडीने जो कफ 'सोडवला' तो आदल्या दिवशीच्या विड्यांनीच साठवलेला असतो.

दुसरे कारण निकोटीन. रात्रभर विडी न मिळाल्याने शरीर कासावीस झालेले असते. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते आणि ती कासाविशी थांबते. जे 'मोकळे' वाटते ते बरेचसे हेच. तलफ भागल्याचे सुख आणि श्वास सुधारल्याचे सुख यांतला फरक आतून कळत नाही. तो कळायला फुंकर मारून श्वास मोजणारे यंत्र लागते.

दमेकऱ्याच्या छातीत धूर काय करतो

दमा म्हणजे केवळ नळी आवळणे नव्हे. नळीच्या आतल्या अस्तराला कायमची बारीक सूज असते. अटॅक नसतानाही ती असतेच. अशी सुजलेली नळी हुळहुळी होते. निरोगी माणूस ज्या धुळीकडे, थंड हवेकडे दुर्लक्ष करतो तिला ती नळी आवळून उत्तर देते. तंबाखूच्या धुरात हजारो रासायनिक द्रव्ये असतात. सुजलेल्या अस्तरावर ती रोज ओतणे म्हणजे जखमेवर रोज मीठ चोळणे. अटॅक वारंवार येतात, जास्त तीव्र येतात, रुग्णालयात जाण्याची वेळ अधिक वेळा येते.

याहून घातक परिणाम हळूहळू होतो. जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, यावरून फुप्फुसांची ताकद मोजतात. वय वाढेल तशी ती सर्वांचीच थोडी थोडी घटते. कोपनहेगन शहरातल्या हजारो रहिवाशांवर १५ वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दमा नसलेल्यांची ही ताकद वर्षाला सरासरी २२ मिलिलिटरने घटत होती, तर दमेकऱ्यांची ३८ मिलिलिटरने. दमा असून धूम्रपान करणाऱ्यांची घट सर्वांत वेगाची होती. वर्षाला १६ मिलिलिटरचा फरक म्हणजे चहाचे तीन चमचे. पण १५ वर्षांत तो पाव लिटरच्या जवळ जातो आणि गेलेले परत येत नाही. दम्यात आवळलेली नळी औषधाने सैल होते, हे त्या रोगातले सुदैव. धूर हे सुदैव हळूहळू काढून घेतो. दमा आणि धूम्रपानाचा जुनाट श्वासरोग एकमेकांत मिसळतात आणि मग औषधानेही नळी पूर्ण उघडत नाही.

औषध असून नसल्यासारखे

या वाचनात मला सर्वांत हादरवणारी गोष्ट सापडली ती औषधांविषयी. दम्याचे मुख्य औषध म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड. ते सूज उतरवते. अटॅक आल्यावर घ्यायच्या निळ्या पंपाने नळी तेवढ्यापुरती सैल होते, सूज मात्र तशीच राहते. म्हणून २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नये, स्टिरॉइड असलेले औषध हवेच, असे स्पष्ट म्हटले आहे.

२००२ आणि २००३ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी धूम्रपान करणारे आणि न करणारे दमेकरी यांना सारखेच स्टिरॉइड देऊन पाहिले. आधी श्वासावाटे, नंतरच्या अभ्यासात पोटातून. न ओढणाऱ्यांचा श्वास सुधारला. ओढणाऱ्यांना त्याच औषधाचा जवळजवळ काहीच गुण आला नाही.

याचे एक कारण लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांच्या गटाने शोधले. पेशींमध्ये सूज निर्माण करणाऱ्या जनुकांची जणू बटणे चालू झालेली असतात. स्टिरॉइड ती बंद करते, पण स्वतःच्या हाताने नाही. एका विकराच्या मदतीने. धुरातल्या दाहक द्रव्यांमुळे पेशींतले हे विकरच कमी पडते. मालकाने दिवे बंद करायचा हुकूम सोडला, पण बटण दाबणारा माणूसच जागेवर नाही, अशी ही अवस्था. पैसे खर्च करून घेतलेले औषध छातीत पोहोचते, पण काम करू शकत नाही. रुग्ण म्हणतो, "पंपाचा काही उपयोग नाही." आणि पुन्हा विडी पेटवतो.

आपल्याकडे थिओफायलिन गटातल्या गोळ्या अजूनही पुष्कळ दिल्या जातात. धुरातली काही द्रव्ये यकृताला हे औषध लवकर निकाली काढायला लावतात. त्यामुळे ओढणाऱ्याच्या रक्तात ते कमी काळ टिकते आणि डॉक्टरांना मात्रा वाढवावी लागते. उलट अशा माणसाने विडी अचानक सोडली तर तीच मात्रा जास्त ठरू शकते. मळमळ, हातांना कंप, छातीत धडधड अशी लक्षणे दिसतात. म्हणून विडी सोडताना या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. विडी सोडल्याने त्रास झाला, असे म्हणून कोणी पुन्हा विडीकडे वळू नये.

विडी 'नैसर्गिक' म्हणून सौम्य?

विडीत तंबाखू थोडा, पान झाडाचे, कागद नाही, म्हणून ती सिगारेटपेक्षा बरी, असे आमच्या भागात आजही म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे. टेंभुर्णीचे पान कागदासारखे सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने ओढावी लागते. धूर अधिक खोल जातो. टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नव्हे, जास्तच मिळते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातले ७.७ टक्के प्रौढ विडी आणि ४ टक्के सिगारेट ओढणारे आढळले. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्केच होते. हा आकडा दिलासा देणारा आहे, पण त्याच सर्वेक्षणात राज्यातले एकूण तंबाखू सेवन २६.६ टक्के होते. आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खाल्ला आणि दातांना लावला जास्त जातो. मिश्रीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तव्यावर तंबाखू भाजताना घरात जो ठसका उठतो तोही धूरच आहे, आणि चुलीजवळ बसलेल्या दमेकरी पोराच्या छातीत तो सरळ जातो.

दुसऱ्याचा धूर

अण्णा विडी ओढायचे तेव्हा मी त्यांच्या शेजारी अभ्यास करत असे. माझ्या दम्यात आनुवंशिकतेचा वाटा किती आणि त्या ओसरीचा किती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण देशातल्या १२ केंद्रांवर सुमारे १ लाख ७० हजार प्रौढांची पाहणी करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दम्याशी जोडलेल्या गोष्टींत स्वतःचे धूम्रपान, घरातल्या दुसऱ्याचा धूर, जवळच्या नात्यातला दमा आणि धुराचे इंधन ही चारही नावे आहेत. आमच्या घरात चारातली तीन होती, आणि वडिलांच्या बाबतीत चारही.

धूर थांबवला तर काय होते, याचे उत्तर स्कॉटलंडने दिले. तिथे मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आली. त्याआधी दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या वर्षाला सरासरी ५.२ टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती वर्षाला १८.२ टक्क्यांनी घटू लागली. ही मुले स्वतः ओढत नव्हती. मोठ्यांनी ओढण्याच्या जागा बदलल्या आणि मुलांचा श्वास सुधारला.

आपल्याकडेही हा लढा झाला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान रोखण्याचे आदेश दिले. २००३ मध्ये कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कडक नियम लागू झाले. एसटीच्या गाडीत विडी पेटवणारा प्रवासी आणि त्याच्याशी भांडणारा कंडक्टर हे माझ्या लहानपणीचे नेहमीचे दृश्य आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही. कायद्याने काहीच होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे आठवावे. घराच्या चार भिंतींत मात्र कायदा येत नाही. तिथे घरातल्या माणसांनाच बोलावे लागते.

दिवाळीच्या अंकात लिहितो आहे म्हणून आणखी दोन धुरांचा उल्लेख करतो. डासांच्या एका अगरबत्तीतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे २००३ च्या एका अभ्यासात दिसले. आणि फटाक्यांत आवाज न करणारी, म्हणून लहान मुलांच्या हाती दिली जाणारी नागगोळी, पुण्यात झालेल्या मोजणीत सर्वांत जास्त सूक्ष्म कण सोडणारी ठरली. घरात दमेकरी असेल तर या दोन्ही गोष्टी उंबऱ्याबाहेरच राहू द्याव्यात.

सोडल्यावर काय होते

आता चांगली बातमी. ग्लासगोच्याच गटाने २००६ मध्ये विडी-सिगारेट सोडणाऱ्या दमेकऱ्यांचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांत, सोडणाऱ्यांची फुंकण्याची ताकद न सोडणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४०० मिलिलिटरने सुधारली होती. अभ्यासातली माणसे थोडी होती, म्हणून प्रत्येकाला एवढाच गुण येईल असे म्हणता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे, आणि मुदत वर्षांची नाही, आठवड्यांची आहे.

सोडल्यानंतर पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. इथेच पुष्कळजण फसतात. "विडी होती तेव्हा बरा होतो" असे म्हणतात. प्रत्यक्षात मोडलेली केरसुणी पुन्हा उगवत असते आणि साठलेला केर बाहेर काढत असते. हा खोकला बरे होण्याचा असू शकतो. तरी धाप वाढली, बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळसर दिसू लागले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सवय मोडायला नुसता निर्धार बहुतेकांना पुरत नाही. त्यात कमीपणा नाही; निकोटीनची पकडच तशी आहे. निकोटीनचे च्युइंगगम, डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि समुपदेशन यांनी यश वाढते. १८०० ११२ ३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला की मोफत मार्गदर्शन मिळते. विडीऐवजी हुक्का किंवा ई-सिगारेट हा मार्ग नव्हे. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे, आणि दमेकऱ्याच्या हुळहुळ्या नळीला तिची वाफही सोसत नाही.

आणि पंपाची भीती. १९५५ मध्ये अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले की, केसांचा फवारा डब्यात मिळतो तसे माझे औषध का मिळत नाही? पुढच्या वर्षी तसा पंप बाजारात आला. त्याने जगभरातल्या दमेकऱ्यांना धुराच्या औषधांपासून सोडवले. पंपातल्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, ती थेट नळीत जाते आणि तिची तलफ लागत नाही. रोज घ्यावा लागतो तो रोग रोजचा आहे म्हणून. चष्म्याची जशी 'सवय' लागते तशीच ही.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात, असा जागतिक अंदाज आहे. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे न घेतलेले पंप, उशिरा गाठलेले दवाखाने आणि न विझवलेल्या विड्या. त्या दरीत आमचे अण्णाही आहेत.

गेल्या वर्षी पुण्यात शिकणारा पुतण्या घरी आला होता. त्यालाही लहानपणापासून दमा आहे. खिशात पंप होता आणि शर्टाला सिगारेटचा वास होता. मी काही बोललो नाही. रात्री त्यानेच विचारले, "काका, चहाबरोबर एखाद-दुसरी चालते ना? पंप घेतोच की मी."

त्याला मी दम दिला नाही. अण्णांच्या सकाळच्या विडीची गोष्ट सांगितली आणि वर लिहिले आहे ते जमेल तसे समजावले. तू पंप घेतोस ते चांगलेच आहे, पण सिगारेट त्याला काम करू देत नाही, एवढे एक वाक्य त्याच्या डोक्यात राहिले असावे. या गणपतीत आला तेव्हा म्हणाला, चार महिने झाले. मी विचारले, खोकला वाढला होता का? म्हणाला, तीन आठवडे. मग?

"मग आपोआप कमी झाला. जिना चढताना आता दम लागत नाही."